एक टोला थांबायचं

माझे साडू भगवानराव यांच्या ओसरीवर आपल्या मनानं बोलता येत नाही. तिथं आधी दिवा लागावा लागतो. येडशीला स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर आहे. ओसरीच्या मधोमध प्लायवूडचा एक खोका, खोक्यावर दोन दिवे, डावीकडं लाल आणि उजवीकडं हिरवा. बटण भगवानरावांच्या मुठीत. लाल लागला की डाव्या खुर्चीवरच्यानं बोलायचं, हिरवा लागला की उजव्या खुर्चीवरच्यानं. दिवा विझला की तोंड बंद, मग वाक्य कुठंही अडकलेलं का असेना. एकदा दूधवाला डाव्या बाजूला उभा राहून 'सर, आमची म्हैस' एवढंच म्हणाला आणि लाल दिवा विझला. हिरव्या बाजूला मी होतो. माझं सगळं गाऱ्हाणं सांगून होईपर्यंत त्याची म्हैस भगवानरावांच्याच परसातली मेथी संपवत होती.

आता आमच्या मराठवाड्यात चार माणसं बसली की पाच जण बोलतात. ऐकण्याचं काम भिंतींकडं असतं. अशा मुलखात या माणसानं पाळीपाळीनं बोलायचा कायदा काढला. मी त्यांना वेडे म्हणायचो, आणि तसं तोंडावर म्हणायचा साडूला हक्कच असतो. इथं मराठवाड्यातल्याच वाशीच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर घासाघीस करून माझी जीभ तिखट झालीय, असं आमची मंदा म्हणते. भगवानराव हे तिच्या थोरल्या बहिणीचे, शालनआक्कांचे यजमान. तेव्हा सांगताना तिखट थोडं जास्त पडलं, तर चालवून घ्या.

भगवानराव आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. पोरं त्यांना 'क्लॉक सर' म्हणायची. आवाजाचे आकडे करणाऱ्या एका चिपवर हा माणूस भाळला होता. बायकोवर भाळलेला मी कधी पाहिला नाही, चिपवर पाहिला. नखाएवढी ती काळी वस्तू खिशातल्या डबीत घालून ते एकदा माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना मला समजावू लागले.

"साडू, हिच्यात दोन माईक जातात. डावा आन् उजवा. आत आवाजाचे आकडे होतात. पण भाईर पडायला तार एकच. मग कसं करायचं?"

मी म्हटलं, "दुसरी तार लावायची."

नापास पोराकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पाळी लावायची. आधी डाव्याचा शब्द, मग उजव्याचा. पाळी कुणाची, ते दुसरी तार सांगती. आन् एकेक आकडा कधी उचलायचा, त्याचा टोला, म्हंजी क्लॉक, तिसरी तार देती." असं म्हणून त्यांनी माझं एक पितळी ताट उचललं आणि पळीनं त्यावर टोले द्यायला सुरुवात केली. "आता नीट बघा. ही पाळी बदलली. लगेच बोलायचं न्हाय. एक टोला थांबायचं. टण्ण. आता बोलायचं."

"तो एक टोला कशाला वाया घालवायचा?"

"वाया कसा? पाळी बदलली, हे समोरच्याला कळाया नको? घाई केली की पयला आकडाच हुकतो. आन् पयलाच सगळ्यात मोठा आसतो."

ताटाला पोचे पडले. ते ताट अजून माझ्या दुकानात आहे. पोचे पडलेलं ताट कोण घेतो?

'एक टोला थांबायचं' हे त्यांनी नुसतं शिकवलं नाही, अंगात भिनवलं. कुणी बोलून थांबलं की हे लगेच उत्तर देत नसत. डोळे किलकिले करून एक टोला सोडायचे, मग तोंड उघडायचे. कुणाचं वाक्य मधे तोडलं, असं तर आयुष्यात झालं नाही. पण जगाला एवढी सवड कुठं असते? लग्नकार्यात पोरगं चहाचा ट्रे घेऊन यायचं, विचारायचं, "सर, चहा?" हे टोला सोडायचे. पोरगं समजायचं नको असेल, आणि पुढं जायचं. मग हे रिकाम्या हवेला म्हणायचे, "दे अर्धा." त्या टोल्यापायी या माणसाचे किती चहा हुकले असतील, देव जाणे.

दुसरं त्यांचं पालुपद म्हणजे 'मास्टर कोण?' त्यांचं म्हणणं असं, की टोला देणारा एकच असावा. बाकीच्यांनी त्याच्या टोल्यावर चालावं. दोघं टोले द्यायला लागले की सगळा कचरा. माझ्या पोराच्या लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं जरा तापलं, तर हे मधेच उठले आणि म्हणाले, "थांबा. ह्या बैठकीत मास्टर कोण?" इकडून आमचे चुलते म्हणाले, "मी." तिकडून मुलीचे आजोबा म्हणाले, "मी." भगवानरावांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मग जेवून घ्या. आज काय होत न्हाय." आणि खरोखरच त्या दिवशी काही झालं नाही.

पंगतीतही तसंच. आकडा उचलायच्या आधी तो क्षणभर स्थिर पाहिजे आणि उचलल्यावरही क्षणभर हलता कामा नये, असा त्या चिपचा नियम. तो यांनी आमटीला लावला. वाढपी यायच्या आधी वाटी स्थिर, वाढून गेल्यावरही लगेच ओढायची नाही. एका तेराव्याला त्यांनी अख्ख्या रांगेला हे शिकवायला घेतलं. वाढणारा वैतागून म्हणाला, "सर, आमटी हाय ही. तुमचा डाटा न्हाय." पण मी बघत होतो. भगवानरावांच्या आसपास एक थेंब सांडला नव्हता.

शालनआक्कांवर मात्र यातला एकही नियम चालला नाही. त्या स्वयंपाकघरातून दिव्याची पर्वा न करता बोलायच्या. भगवानराव म्हणायचे, "आगं, पाळी." आक्का म्हणायच्या, "पाळी तुमची तुमाला लखलाभ. ह्या घरात टोला म्याच देती. सकाळी चूल पेटवून बघा, मग कळंल." यावर भगवानराव एक टोला थांबायचे, आणि मग काहीच बोलायचे नाहीत.

त्या चिपचा त्यांनी एक रेकॉर्डर बनवला होता, त्याच खोक्यात. दोन खुर्च्यांपाशी दोन माईक, आणि ओसरीवर जे बोललं जाईल ते सगळं दोन बाजूंनी जमा. मग मशीन पिशवीत घालून ते गावभर हिंडू लागले. रामलिंगाच्या रानातली माकडं, रेल्वेचं फाटक, गोंधळ्याचं संबळ. पाहुणा आला की त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवायचे आणि विचारायचे, "माकड कुठल्या झाडावर हाय?" पाहुण्यानं डावीकडं बोट दाखवलं तर चहा, नाहीतर पुन्हा ऐका.

एक खोट मात्र त्या मशीनमध्ये होती. हळू आवाज त्यात काचेसारखा स्वच्छ यायचा. पानं सळसळली, पाखरानं पंख झटकले, सगळं यायचं. पण कुणी आवाज चढवला, संबळ जोरात वाजलं, गाडीनं शिट्टी दिली, की जुनं धोतर टरकावं तसा आवाज फाटायचा. भगवानरावांनी माईक बदलले, वायरी बदलल्या, विजेला शिव्या घातल्या. खोट सापडेना. शेवटी ते म्हणायला लागले, "वरडायचंच कशाला?"

आता अश्विनीचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच एवढी माकडं नाचवली.

अश्विनी ही त्यांची एकुलती एक मुलगी. दिव्याच्या खेळात वाढली, त्यामुळं कधी कुणाच्या मधे बोलली नाही. शिकली, लातूरला नोकरीला लागली आणि तिथंच तिनं स्वतःसाठी मुलगा बघितला. प्रशांत त्याचं नाव. शिकलेला, सरकारी नोकरीतला, निर्व्यसनी. मी स्वतः त्याला भेटून आलो होतो. एवढं सगळं असून आमच्या सोयऱ्यांना त्याच्यात एक खोट सापडली. तो बौद्धांच्या घरातला होता. ज्या लोकांनी दारुडे जावई देव्हाऱ्यात बसवल्यासारखे सांभाळले, ते या पोराच्या हातचा पाण्याचा घोट घेईनात.

बैठक बसली ती भगवानरावांच्याच ओसरीवर. सास्तूरहून त्यांचे थोरले बंधू आबा आले. भूकंपात वडील गेले तेव्हापासून त्या घराण्यात आबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. जगाला 'मास्टर कोण?' विचारत हिंडणाऱ्या भगवानरावांनी तो प्रश्न एका आबांना कधी विचारला नाही. गरजच नव्हती.

तरी त्या दिवशी त्यांनी खोका चालू केला, दिवे लावले. आबा डाव्या खुर्चीवर बसले. उजव्या खुर्चीवर ज्याची पाळी येईल त्यानं येऊन बसायचं. मी बसलो, म्हणालो, मुलगा मी पाहिलाय, चांगला आहे. लाल दिवा लागल्यावर आबा म्हणाले, "साडूनं साडूपुरतं बोलावं." मग अश्विनी बसली. तिनं शांतपणे सांगितलं, "मला लग्न करायचंय. चोरून करायचं असतं तर केलं असतं. बाबांच्या होकारानं करायचंय. बाबांनी नाही म्हटलं, तर त्यांच्या तोंडून ऐकून मी जाईन." एवढं बोलून ती उठली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी आईजवळ जाऊन उभी राहिली.

भगवानराव त्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी हिरवा दिवा लावला. पाळी त्यांची होती.

आणि ते एक टोला थांबले.

तेवढ्यात आबा उसळले. "त्यो काय बोलणार हाय? म्या सांगतो. आमच्या घरात ह्ये व्हायचं न्हाय. ही पोरगी ह्या उंबऱ्याबाहेर गेली की मेली." मग त्यांच्यामागं आलेले सगळेच बोलायला लागले. कुणी देवाधर्माचं, कुणी पाहुण्यारावळ्यांचं, कुणी तिच्या आईच्या वळणाचं. दिव्याकडं कोण बघतो? मी तरी भगवानरावांकडं बघत होतो. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण त्या गोंगाटात माझ्या कानावर काही पडलं नाही.

सगळे दमून थांबले तेव्हा हिरवा दिवा लागलेलाच होता आणि भगवानराव खाली बघत होते. अश्विनी पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते मला जास्त लागलं. ती म्हणाली, "बाबा, तुमची पाळी होती." आणि पिशवी उचलून गेली. लग्न लातूरला झालं. मी आणि मंदा गेलो. शालनआक्का आमच्याबरोबर चोरून आल्या. भगवानराव आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अश्विनी आईशी फोनवर बोलते, बापाचं नाव काढत नाही. आबा दर दिवाळीला येडशीला येतात, फराळ करतात, ढेकर देतात. आपण घराण्याची अब्रू राखली, असं त्यांना अजून वाटतं. मला त्यांच्या ताटात लाडू वाढताना हात आवरावा लागतो. भगवानराव निवृत्त झाले. ओसरीवर दोन्ही खुर्च्या तशाच आहेत, पण येणारं माणूस कमी झालं. मुलीनंच ज्याला टाकलं, त्याच्याकडं कशाला जायचं, असं म्हणणारे म्हणतात. हेच लोक त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं ओरडले होते.

मधे एकदा भगवानराव सकाळच्या गाडीनं अचानक वाशीला आले. दुकानाच्या पायरीवरच बसले आणि म्हणाले, "साडू, खोट सापडली."

"कसली?"

"मशीनची. एका टोल्याची चूक हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पाळी बदलल्यावर लगेच बोलायचं की एक टोला थांबून बोलायचं, हे त्या चिपच्या एका पायावर ठरतं. तो पाय कुठं जोडाल तसं. यांनी तो उलटा जोडला होता. त्यामुळं चिप न थांबता बोलत होती, आणि ऐकणारं मशीन मात्र एक टोला थांबून ऐकत होतं. प्रत्येक शब्दाचा पहिला आकडा रोजच्या रोज जमिनीवर सांडत होता. साऱ्या तालुक्याला एक टोला थांबायला शिकवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खोक्यात तोच टोला चुकलेला. मला हसू आलं. मी हसलो नाही, कारण ते हसत नव्हते.

"मग हळू आवाज कसा काय नीट यायचा?" मी विचारलं.

ते थांबले. "हळू आवाजात पयला आकडा आन् दुसरा आकडा एकच आसतो. पयला गेला तरी दुसरा त्येचं काम करतो. मोठ्या आवाजात तसं न्हाय. तिथं पयला गेला की सगळं उलटंपालटं." मग पिशवीतल्या मशीनला हेडफोन जोडून त्यांनी माझ्या हातात दिले. "उजव्या कानानं ऐका."

पितळेच्या हंड्यांमधे बसून मी ऐकलं. ती बैठक होती. डाव्या कानात आबा फाटत होते. शब्द कळत नव्हता, नुसतं टरकणं. घराण्याची अब्रू त्या मशीनमध्ये चिंध्या होऊन पडली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. उजव्या कानात तीच टरटर, पण दुरून. आणि तिच्या फटींमधून, अगदी माईकपाशी, भगवानरावांचा आवाज. हळू, शांत, शब्द न् शब्द नीट.

"आबा, पोरगी माझी हाय. तिला पसंत, तर मला पसंत. अश्विनी, ऐकलंस का?"

हेडफोन काढून मी त्यांच्याकडं बघितलं. एवढी वर्षं हा माणूस हे उशाशी घेऊन झोपत होता. मला राग आला. मी म्हणालो, "अहो, मग तिला पाठवलं का नाही?"

एक टोला गेला. "पाळी गेल्यावर बोललेलं धरत न्हाईत, साडू."

"मग आज मला कशाला ऐकवताय?"

याला त्यांनी किती टोले घेतले मला माहीत नाही. "आता मशीन दुरुस्त केली," ते म्हणाले. "आता बोलायचं तर समदं नीट ऐकू जाईल. पण बोलायला कुणी न्हाय."

मंदानं त्याच दिवशी अश्विनीला फोन लावला. काय बोलली कोण जाणे, पण दोघी रडल्या आणि पुढच्या रविवारी अश्विनी आमच्याकडं आली. मी तिला वाशीहून मोटरसायकलवर येडशीला नेलं. ओसरीवर पाऊल टाकताना तिनं खोक्याकडं बघितलं. दिवे काढून टाकलेले होते.

शालनआक्का दारातच पोरीला मिठी मारून उभ्या राहिल्या. भगवानरावांनी हेडफोन पुढं केले. अश्विनीनं ते कानाला लावले आणि ती उजव्या खुर्चीवर बसली. तिचा चेहरा बघत आम्ही तिघं उभे होतो. तो गोंगाट चालू असेपर्यंत तिचा चेहरा हलला नाही. मग हलला. मला वाटलं, झालं. आता बापलेक गळ्यात पडतील, आणि इतक्या वर्षांचा घोर मिटेल.

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"बाबा," ती म्हणाली, "आबा ओरडले म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. तुम्ही एवढं हळू का बोललात?"

भगवानराव थांबले. आम्ही वाट बघत राहिलो. टोला गेला, दुसरा गेला, पण त्यांना काही सापडलं नाही. खोटं नव्हतंच बोलता येत त्यांना. आबांना भ्यालो, एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

"मी त्या चौकटीत उभी होते," ती म्हणाली. "चार पावलांवर. तुम्ही माईकला सांगितलंत, मला नाही."

तिनं चहा घेतला. आईनं केलेल्या धपाट्यातला निम्मा खाल्ला. निघताना वाकून बापाच्या पाया पडली. त्यांचा हात तिच्या डोक्यावर जायला जरा उशीर झाला, तोवर ती उभी राहिली होती. मी तिला स्टँडवर सोडलं. लातूरच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत ती समोरच बघत होती.

वाशीला पोचून मी हातपाय धूत होतो, तोच फोन वाजला. येडशीहून. भगवानराव फोनवरसुद्धा तुमचं वाक्य पुरतं संपू देतात, मग थांबतात, मग बोलतात. म्हणून मी निवांतपणे सुरुवात केली, "गाडी वेळेवर सुटली बघा, बसायला जागा मिळाली, लातूरला पोचल्यावर मंदाला फोन करते म्हणाली, आणि..."

"पुन्यांदा यायचं काही बोलली का?"

माझं वाक्य अजून संपलेलं नव्हतं. त्यांनी ते मधेच तोडलं होतं, आणि केवढ्या मोठ्या आवाजात. मागून शालनआक्कांनी दचकून विचारलेलं ऐकू आलं, "वरडायलात का?"

मी एक टोला थांबलो. त्यांनीच शिकवलेलं. पण टोला गेल्यावरही त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.